फोमच्या पाठीचा इमर्जर: तयारी, बांधणीचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

इमर्जर म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन कात टाकणाऱ्या किड्याची नक्कल करणारी, मासेमारीच्या गळावर बांधलेली फ्लाय (कृत्रिम किडा). बांधून झालेला इमर्जर पेलाभर पाण्यात सोडावा. तो कुशीवर आडवा झाला, अख्खा पाण्यावर पसरून राहिला किंवा क्षणभर तग धरून तळाला गेला, तर बांधणीत काहीतरी चुकले आहे असे समजावे. नव्याने बांधणाऱ्यांचे बहुतेक फोम-इमर्जर या तीनपैकी एका प्रकारे फसतात. व्हाइसमध्ये (गळ धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) असताना ते रेखीव दिसतात, आणि चूक उघडी पडते ती पाण्यात गेल्यावर.

याचे कारण समजून घेतले की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा उलगडा होतो. मेफ्लाय या किड्याची निंफ (पाण्यात वाढणारे पिल्लू) किंवा मिज या चिलटासारख्या किड्याचा कोष पृष्ठभागापाशी येऊन कात टाकतो, तेव्हा वक्षाचा भाग पाण्याचा पापुद्रा फोडून वर येत असतो आणि उदर अजून खाली लोंबत असते. त्या काही क्षणांत किड्याला धड पोहता येत नाही आणि उडताही येत नाही, म्हणून ट्राउट मासा त्याला नेमके तिथे टिपतो. फोमने वक्ष तेवढे वर धरायचे असते. उदर मात्र बुडलेच पाहिजे. ज्यांचे इमर्जर चुकतात ते बहुधा हे विसरून कोरड्या फ्लायसारखी सगळीच्या सगळी तरंगणारी फ्लाय बांधत असतात.

पुढील मापे १४ क्रमांकाच्या गळासाठी आणि वर्णन उजव्या हाताने दोरा फिरवणाऱ्यासाठी आहे. डावखुऱ्यांनी दिशा उलट घ्याव्यात.

पायरी १: साहित्याची निवड

गळ वाकड्या दांडीचा घ्यावा, म्हणजे उदर आपोआप खाली झुकते. सरळ दांडीवर तोच फोम, तेच पीस आणि तेच हात असूनही फ्लाय आडवी तरंगते. वाकड्या दांडीचे गळ जाड तारेतही मिळतात. ते तळाशी खेळवायच्या फ्लायसाठी असतात आणि त्यांचे वजन एवढ्याशा फोमला पेलत नाही. तार हलकी किंवा मध्यम असावी. गळाचा क्रमांक वाढतो तसा गळ लहान होत जातो, हे नवख्यांनी ध्यानात ठेवावे.

फोम बंद पेशींचा हवा. उघड्या पेशींचा फोम स्पंजासारखा पाणी पितो आणि काही वेळाने बुडतो. खात्री नसेल तर फोमचा लहानसा तुकडा पाण्याखाली धरून बोटांनी दहा-पंधरा वेळा दाबावा आणि बाहेर काढून कोरड्या कागदावर पिळावा. कागदावर ओलावा जेमतेम उमटला तर फोम चालेल. थेंब निघाले तर तो बाजूला ठेवावा.

दोरा ७० डेनिअरचा (डेनिअर हे दोऱ्याच्या जाडीचे माप), पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा असावा. जेलस्पन दोरा अतिशय मजबूत आणि तितकाच धारदार असतो. फोमवर ताण देताच तो पट्टी कापून आरपार जातो, म्हणून या कामाला तो टाळावा.

उदरासाठी लवकर भिजणारे साहित्य निवडावे. सशाची लव, नुसता दोरा किंवा पिसाची सोललेली शीर, यांपैकी काहीही चालते. पॉलिप्रॉपिलीनचे डबिंग (दोऱ्याभोवती पिळून गुंडाळायची लव) पाण्यापेक्षा हलके असते, त्यामुळे ते वक्षाला उत्तम आणि उदराला वाईट. ही अदलाबदल झाली तर पुढे कितीही निगुतीने बांधले तरी फ्लाय योग्य कोनात बसत नाही, आणि बांधणारा दोष फोमला देत राहतो.

याशिवाय कातीसाठी अँट्रॉन या कृत्रिम धाग्याचे चकाकते तंतू, उदरावरच्या वेटोळ्यासाठी बारीक तांब्याची तार, कोरड्या फ्लायच्या प्रतीचे एक हॅकल (कोंबड्याचे पीस) आणि पातळ सुपरग्लू जवळ ठेवावा.

पायरी २: कापून, निवडून, मांडून ठेवणे

ही पायरी सर्रास वगळली जाते. हातात दोरा ताणलेला असताना कात्रीने फोमची पट्टी कापू लागलो की पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद होते, आणि ती तिरकी पट्टी फ्लायला एका बाजूला झुकवते. म्हणून निदान सहा फ्लायचे साहित्य आधी तयार करून ओळीने मांडावे आणि मगच पहिला गळ व्हाइसमध्ये धरावा.

फोम कडक पृष्ठभागावर ठेवून त्यावर पोलादी पट्टी घट्ट दाबावी आणि नव्या पात्याने एकाच ओढीत कापावा. बोथट पाते फोमला कापण्याऐवजी ओढते आणि कड दातेरी होते. मी ज्या मापांपासून सुरुवात करतो ती अशी: १२ क्रमांकाच्या गळाला २ मिमी जाडीच्या फोमची ३ मिमी रुंद पट्टी, १४ क्रमांकाला त्याच जाडीची अडीच मिमी, १६ क्रमांकाला १ मिमी जाडीची २ मिमी, आणि १८ क्रमांकाला १ मिमी जाडीची दीड मिमी. फोमची घनता निरनिराळी असते, तेव्हा पेल्यातली पहिली चाचणी झाल्यावर ही मापे थोडी कमीजास्त करावी लागतील.

प्रत्येक पट्टीचे एक टोक पेन्सिलीसारखे निमुळते कापावे. बांधायचे टोक हेच. बोथट टोक बांधले तर वक्षाच्या मागे गाठोडे तयार होते आणि पुढे डबिंग त्यावरून घसरते.

पट्टीचा रंग मासा जवळजवळ पाहतच नाही, कारण ती वर असते आणि मासा खालून बघतो. तेव्हा करडा किंवा तपकिरी फोम दिसायला शोभला, तरी मंद उजेडासाठी पांढरा किंवा नारिंगी फोम वापरायला हरकत नाही. तो मासेमाराच्या डोळ्यांसाठी आहे.

हॅकलचे तंतू गळाचे टोक आणि दांडी यांच्यामधल्या अंतराइतके लांब असावेत, त्याहून लांब नकोत. पीस वाकवून गळाशी धरले की लांबी लगेच कळते. बुडाशी असलेली मऊ लव ओढून काढावी, आणि ज्या बाजूने पहिला वेढा पडणार तिथले दोन-तीन तंतूही खुडावेत.

पायरी ३: गळ बसवणे आणि जागा आखणे

गळाचा उलटा काटा आधी चपट्या पकडीने दाबून टाकावा. तो दाबताना कधीकधी गळाचे टोक मोडते, आणि ते बांधण्याआधी मोडलेले बरे.

गळ व्हाइसमध्ये त्याच्या बाकाच्या (वळणाच्या) खालच्या भागाला धरावा. नेढ्यामागे २ मिमी जागा सोडून दोरा सुरू करावा आणि मागे नेत जावा. ही २ मिमी जागा शेवटपर्यंत मोकळी राहिली पाहिजे. नेढ्यापाशी होणारी गर्दी ही या फ्लायमधली सर्वांत नेहमीची चूक आहे. तिचे मूळ शेवटच्या पायरीत नसते, ते इथे पहिल्याच वेढ्यात असते.

दांडीचे मनातल्या मनात तीन भाग करावेत. पुढचा एक भाग वक्षाचा आणि मागचे दोन उदराचे. दोरा सपाट वेढ्यांनी बाकात थोडा खाली, साधारण दाबलेल्या काट्याच्या वरपर्यंत न्यावा.

तपासणी: दांडीवर बसवलेल्या दोऱ्यावर नख फिरवावे. वेढे सरकत असतील तर पाया ढिला आहे, आणि ढिल्या पायावर फोम हमखास फिरतो. दोरा सोडवून पुन्हा सुरुवात करावी.

पायरी ४: कात

अँट्रॉनचे आठ-दहा तंतू पुरेत. जुडगा दाट झाला की कातीऐवजी शेपूट दिसते, शिवाय त्यात हवा अडकून उदर वर उचलले जाते. तंतू उदराच्या पूर्ण लांबीवर बांधावेत, म्हणजे उदराखाली कुठे उंचवटा राहत नाही, आणि मागे उदराच्या निम्म्या लांबीएवढे मोकळे सोडावेत. टोके कात्रीने एका रेषेत छाटू नयेत. दोन-तीन तंतू वेगवेगळ्या लांबीला तोडले की कात विरळ होत गेल्यासारखी दिसते.

पायरी ५: उदर आणि तारेचे वेटोळे

तार दांडीच्या खालच्या बाजूने, उदराच्या पूर्ण लांबीवर बांधून घ्यावी. मग डबिंगची लव चिमटीत घेऊन दोऱ्याभोवती एकाच दिशेने पीळ द्यावा. लव एवढी कमी घ्यावी की दोऱ्याचा रंग मधूनमधून दिसेल. पुरेशी वाटली की त्यातली निम्मी काढून टाकावी, असे मी शिकवताना सांगतो, आणि बहुतेक वेळा उरलेली निम्मीच योग्य निघते.

उदर मागे बारीक आणि पुढे किंचित जाड होत जावे व आखलेल्या खुणेवर थांबावे. त्यावर डबिंगच्या उलट दिशेने तारेचे पाच वेढे मोकळ्या अंतराने द्यावेत. उलट दिशेमुळे तार लवेत बुडून दिसेनाशी होत नाही. उरलेली तार कात्रीने कापू नये. ती हलवत राहिली की बुडाशी स्वच्छ तुटते आणि कात्रीची धारही वाचते.

इशारा: उदर खुणेच्या पुढे गेले असेल तर इथेच उलगडून मागे घ्यावे. एक-दोन वेढ्यांनी काय होते, असे म्हणून पुढे गेल्यास वक्षाला जागा उरत नाही, फोम आखूड पडतो आणि फ्लाय बुडते.

पायरी ६: फोम बांधणे

अर्ध्याअधिक फ्लाय इथे बिघडतात, म्हणून हे काम सावकाश करावे.

प्रथम बॉबिन (दोऱ्याचे रीळ धरणारे साधन) मोकळा लोंबू देऊन, वरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवावा. दोऱ्याचा पीळ सुटून तो चपटा होतो. पीळ पडलेला गोल दोरा फोमला तारेसारखा कापतो, तर चपटा दोरा त्याला पट्ट्यासारखा आवळतो. दोऱ्याच्या पायावर सुपरग्लूचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावावा. त्याहून जास्त लावल्यास तो फोममध्ये मुरतो आणि सुकल्यावर फोम कडक होतो.

पट्टीचे निमुळते टोक नेढ्याकडे आणि लांब भाग मागे उदरावर येईल अशी ती दांडीवर धरावी. ती बरोबर मध्यावर न धरता आपल्या बाजूला किंचित झुकती धरावी. उजव्या हाताने दोरा वरून पलीकडे जातो आणि जाताना पट्टीलाही पलीकडे ओढतो. आधीच आपल्याकडे झुकवलेली पट्टी ताण बसताच मध्यावर येते. मी एकदा ओळीने बांधलेले बारा इमर्जर पेल्यात सोडले, तेव्हा बाराही एकाच कुशीवर पडले. एखादा पडला असता तर पट्टी वाकडी कापली गेली असे म्हणता आले असते, पण सगळे एकाच बाजूला पडले तेव्हा कळले की पट्टी दर वेळी दोऱ्याबरोबर पलीकडे सरकत होती. त्यानंतर या एका सवयीने तो दोष गेला.

पट्टी चिमटीत धरूनच पहिले दोन वेढे केवळ टेकतील असे सैल द्यावेत. तिसऱ्या वेढ्याला दोरा हळूहळू ताणावा, फोम दबताना दिसला पाहिजे. चौथा, पाचवा आणि सहावा वेढा घट्ट द्यावा आणि दर वेढ्याला थोडे मागे सरकत उदराच्या कडेशी पोहोचावे. फोम आणि उदर यांच्यामध्ये उघडी दांडी दिसता कामा नये.

तपासणी: पट्टीचे मोकळे टोक धरून हलकेच डावीउजवीकडे ढकलावे. ती दांडीभोवती फिरली तर पायावर ग्लू पोहोचलेला नाही किंवा पहिले वेढे अति सैल राहिले आहेत. फोममध्ये दोऱ्याची खोल चीर दिसली तर ती पट्टी फेकून नवी घ्यावी. चिरलेली पट्टी पुढे ओढताना तिथेच तुटते.

पायरी ७: हॅकल आणि वक्ष

हॅकल याच जागी, फोमच्या बुडाशी, देठाकडून बांधावे आणि मागे वळवून ठेवावे. क्रम असाच हवा: आधी फोम, मग हॅकल, मग वक्षाचे डबिंग. डबिंग आधी करून हॅकल नंतर बांधायला गेल्यास देठ लवेवर बसतो आणि दोन-चार फेकींत निसटतो.

वक्षाचे डबिंग उदराच्या सुमारे दुप्पट जाड आणि थोडे विस्कटलेले असावे. हॅकलचे तीनच मोकळे वेढे देत पुढे यावे, देठ बांधून छाटावा. पाच-सहा वेढ्यांचे दाट हॅकल फ्लायला पाण्यावर उचलून धरते, आणि मग फोम असून नसल्यासारखा होतो. थोडक्यात, इथे हात आखडताच ठेवावा.

आता वरचे तंतू ओल्या बोटांनी दोन्ही बाजूंना भांग पाडल्यासारखे दुभंगावेत. वर सरळ उभे राहिलेले दोन-चार तंतू छाटून टाकावेत, नाहीतर ते फोमखाली दबून वेडेवाकडे बाहेर येतात.

पायरी ८: फोम पुढे ओढणे

पट्टी वक्षावरून पुढे आणावी. ती ताणायची नाही, नुसती टेकवायची. फोम तरंगतो तो त्याच्या पेशींत कोंडलेल्या हवेमुळे. पट्टी खेचून बांधली की पेशी चपट्या होतात आणि तेवढ्याच फोममध्ये हवेची जागा कमी होते. ओढता ओढता पट्टीची रुंदी डोळ्यांदेखत कमी होऊ लागली, तर ताण जास्त झाला असे समजावे. वक्षावर तिने किंचित फुगीर कमान करावी. पंखांची खोळ फुटण्याच्या बेतात असलेल्या किड्याची पाठ अशीच फुगलेली दिसते.

नेढ्यामागच्या राखून ठेवलेल्या जागेत पुन्हा तोच नियम: दोन सैल वेढे, तिसरा हळूहळू आवळलेला, मग दोन घट्ट. वेढे एकावर एक एकाच रेषेत पडावेत. ते पसरले की नेढे झाकले जाते.

तपासणी: गाठ मारण्याआधी फ्लाय समोरून, नेढ्याच्या दिशेने पाहावी. फोम माथ्यावर मध्यभागी आणि हॅकल दोन्ही बाजूंना सारखे दिसले पाहिजे. वाकडेपणा असेल तर हे वेढे सोडून पट्टी पुन्हा बसवता येते. गाठ मारल्यावर ती सोय राहत नाही.

पायरी ९: छाटणी आणि गाठ

पट्टी उचलून धरून तिच्याखाली, नेढ्याला लागून, चार-पाच वेढ्यांचा व्हिप फिनिश (दोरा स्वतःच्याच वेढ्यांखाली अडकवणारी शेवटची गाठ) करावा. मग पट्टी थोडी वर ओढून एकाच कापात छाटावी आणि पुढे सुमारे १ मिमी खुंट सोडावा. हा खुंट डोक्यासारखा दिसतो आणि बांधलेले टोक निसटण्यापासूनही वाचवतो. अगदी वेढ्यालगत छाटलेला फोम माशाच्या दातांनी एक-दोनदा ओढला की सुटतो.

गाठीवर वार्निशचा कण सुईने लावावा. काही वार्निशांतील द्रावक काही फोम विरघळवतात, तेव्हा आधी टाकाऊ तुकड्यावर लावून पाहावे. नेढे भरले असल्यास वार्निश ओले असतानाच त्यातून पिसाचा देठ ओढून ते मोकळे करावे.

शेवटी फ्लाय उलटी करून खालच्या बाजूचे हॅकल वक्षाला समांतर छाटावे. खाली तंतू राहिले तर ते स्टँडसारखे पाण्यावर उभे राहतात आणि वक्ष पापुद्र्यात उतरतच नाही. बाजूचे तंतू मात्र तसेच ठेवावेत, फ्लायचा तोल तेच सांभाळतात.

पायरी १०: पेल्यातली परीक्षा

पारदर्शक पेला घ्यावा आणि तो साध्या पाण्याने पुन्हापुन्हा खळबळून धुवावा. भांडी घासायच्या साबणाचा किंचित अंशही पृष्ठताण कमी करतो, आणि मग चांगली फ्लायसुद्धा बुडताना दिसते.

उदर आणि कात बोटांनी ओली करून हवा दाबून काढावी, आणि फ्लाय हातभर उंचीवरून दहा वेळा टाकावी. दहापैकी निदान आठ वेळा फोम वर, उदर तिरके खाली आणि कात पाण्यात पसरलेली दिसली पाहिजे. पेला डोळ्यांच्या पातळीला धरून खालून पाहावे. पाण्याच्या आरशासारख्या पाठीवर वक्षाभोवती बारीक खळी पडलेली दिसते आणि तिच्याखाली उदर स्पष्ट लोंबत असते. मासा हेच पाहतो.

फ्लाय दर वेळी एकाच कुशीवर पडली तर फोम मध्यावरून सरकला आहे. आलटून पालटून दोन्ही कुशींवर पडली तर बाजूचे हॅकल फार विरळ आहे. आडवी तरंगली तर आधी उदर नीट भिजले का ते पाहावे, मग खालचे तंतू, आणि सर्वांत शेवटी पट्टीची रुंदी. लोक हा क्रम उलटा घेतात आणि विनाकारण फोम कमी करून बसतात. बुडत असेल तर बहुधा फोम ताणून बांधला आहे किंवा गळ जाड तारेचा आहे. नेढे खाली आणि बाक वर राहिला तर फोम मागे बसला आहे, म्हणजे उदर कमी आणि वक्ष फार मागे सुरू झाले आहे.

एका फ्लायमध्ये सापडलेला दोष पुढची बांधताना लगेच सुधारावा. सहाच्या सहा बांधून मग पेल्याकडे जाऊ नये. पहिली बांधली की पहिलीच तपासावी.

पाण्यावर नेताना

फ्लोटंट (फ्लाय भिजू न देता तरंगती ठेवणारे द्रव्य) वापरायचा तर फक्त वक्षावरच्या हॅकलला, बोटाच्या टोकाने. उदराला चुकून लागला तर ते दिवसभर भिजत नाही आणि वर केलेली सगळी मेहनत फुकट जाते. पहिल्या फेकीआधी उदर पाण्यात चोळून घ्यावे.

मासा लागल्यावर फ्लायवर चिकट बुळबुळीत थर बसतो. ती पाण्यात खळबळून धुवावी, कापडात हलके टिपावी आणि हॅकल फुंकून मोकळे करावे. फोम दातांनी चिरला असेल तर पाण्यात टाकून पाहावे. वक्ष तरंगत असेल तर ती फ्लाय अजून कामाची आहे. डबी खोल खणांची घ्यावी, कारण उथळ डबीच्या झाकणाखाली दबून राहिलेला फोम चपटा होतो आणि पुन्हा पूर्ण फुगत नाही.